कडेवरची मुलं धरलीस का?

टूरिझमच्या कोर्सला पहिल्या वर्षाच्या दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी पुढचे चार बाक मागे सरकवायला लावले आणि फरशीवर खडूने एक चौकोन काढला. पट्टी धरून, बरोब्बर एक मीटर बाय एक मीटर. मग आम्हाला एकेक करून त्यात उभं राहायला सांगितलं. दोघी होतो तोवर ऐसपैस होतं. चौथी आली तेव्हा पाठीवरच्या सॅक काढून बाहेर ठेवाव्या लागल्या. सहाव्याला आत घेताना सगळ्यांनी हात छातीशी ओढून घेतले. सातवा आत शिरला आणि माझ्या लक्षात आलं की आता मी माझ्या पायांवर उभी नाही, बाकीच्यांनी मला धरून ठेवलंय. मॅडमनी बाहेरून त्या सातव्याच्या खांद्याला हलकासा धक्का दिला. धक्का त्याला बसला आणि तोल गेला माझा, पार दुसऱ्या टोकाला.

जॉन फ्रूइन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९९३ मध्ये गर्दीच्या दुर्घटनांवर लिहिलंय, त्यात हेच आहे. चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते, लाट उठते आणि त्या लाटेवर एकट्या माणसाचं काही चालत नाही. मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या कल्याण फास्टमध्ये याच्या दुप्पट असतात." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर रेल्वेचाच शब्द लिहिला, 'सुपर डेन्स क्रश लोड', म्हणजे चौरस मीटरला १४ ते १६ उभे प्रवासी. मग विचारलं, मग डब्यात चेंगराचेंगरी का होत नाही? कोणी म्हणालं सवय. मॅडम म्हणाल्या, डब्याला भिंती आहेत, वर कड्या आहेत, मधे खांब आहेत आणि पायाखाली उतार नाही. हीच माणसं जिन्यावर उभी करा आणि मागून दुसरी गाडी येऊ द्या.

पुढे त्यांनी काही सांगितलं नाही, पण वर्गात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच जिना आला असणार. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पूल. पाऊस आला म्हणून लोक जिन्यावरच थांबले, खाली गाड्या येत राहिल्या, २३ माणसं गेली. मी तेव्हा आठवीत होते. शाळेतून घरी आले तेव्हा आई टीव्हीसमोर उभी होती, बसली नव्हती, एवढं आठवतंय.

बारावी कॉमर्सनंतर टूरिझम अँड इव्हेंट मॅनेजमेंटला जाते म्हटल्यावर पहिला प्रश्न मामाने विचारला होता, "तीन वर्षं फी भरून फिरायला शिकायचं?" मामाच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. माझ्या आधीची सगळी भावंडं बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षांना बसली होती. आईला रात्री-अपरात्री घरी येण्याची धास्ती. बाबा गप्प होते. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर, विक्रोळी डेपोला. पहिली पाळी असली की कन्नमवार नगरात आमच्याच खिडकीत पहाटे साडेतीनला दिवा लागायचा. फॉर्मवर सही करताना ते एवढंच म्हणाले, "माणसं सांभाळायचं काम आहे. सोपं नाही."

त्या खडूच्या चौकोनाची गोष्ट मी त्या रात्री बाबांना सांगितली. ते जेवता जेवता थांबले आणि पहिल्यांदाच माझ्याशी त्यांच्या कामाबद्दल नीट बोलले. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे निघा, हे मला माहीत होतं. पण दोन घंट्या कधी द्यायच्या, ते माहीत नव्हतं. "चढणारा दांडा धरतो, तेव्हा तो चढला असं नसतं. मागचा पाय जमिनीवरनं सुटून पायरीवर टेकला की मग चढला. तोवर दोरीला हात लावायचा नाही." डबलडेकरला दोन कंडक्टर असत, एक खाली, एक वर, आणि वरच्या मजल्यावर उभं राहायला बंदी. का, तर वर वजन उभं राहिलं की वळणावर गाडी कलते. सेफ्टीच्या पेपरात 'सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी' म्हणून जे शिकवतात ते बाबांनी ताटावर वाटी ठेवून दाखवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या डबलडेकर रस्त्यावरून गेल्या, तेव्हा ते सुट्टी टाकून शेवटच्या गाडीला हात लावून आले.

पहिलं वर्ष तसं पुस्तकी होतं. ५ जुलै १८४१ ला टॉमस कुकने लेस्टरहून लफबरोला आगगाडीने सुमारे ५०० माणसं एका शिलिंगात नेली, तिथून धड्याची सुरुवात. बटलरचं १९८० चं जीवनचक्र, म्हणजे एखादं ठिकाण आधी कोणाला ठाऊक नसतं, मग नाव होतं, मग भरतं, मग थकतं. जागतिक वारशाची यादी पाठ करायची: घारापुरी १९८७, सीएसएमटीची इमारत २००४, ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती २०१८. यातल्या दोन ठिकाणांवरून मी रोज कॉलेजला चालत जायचे. परीक्षेत तारखा लिहिल्या आणि मार्क मिळाले. तिकिटांच्या संगणकप्रणालीचा तास मात्र मला मनापासून आवडायचा. तारीख आणि दोन शहरांची तीन-तीन अक्षरं टाकली की काळ्या पडद्यावर त्या दिवसाची सगळी विमानं ओळीने उतरतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं घालायचं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे, लग्नानंतर आडनाव बदललेलं, कुठे स्पेलिंगला एक 'ए' जास्त. एका अक्षरासाठी माणूस विमानतळावर अडतो, म्हणून आम्हाला नावं मोठ्याने वाचून, एकेक अक्षर बोलून तपासायची सवय लावली. ती अजून आहे.

कोर्स खऱ्या अर्थाने सुरू झाला दुसऱ्या वर्षी, कॉस्टिंगपासून. असाइनमेंट होती मुंबई ते रायगड, एका दिवसाची सहल. मी हिशोब मांडला: बस १८,००० आणि गाइड ३,०००, म्हणजे २१,००० रुपये ठरलेलेच, कोणी येवो न येवो. ३५ माणसं आली तर डोक्यामागे ६०० पडतात, २१ च आली तर १,०००. त्यावर रोपवे, नाश्ता, जेवण मिळून माणशी ६५०. म्हणजे तीच सहल एकाला १,२५० ला आणि दुसऱ्या वेळी १,६५० ला. इथे बहुतेक नवे लोक फसतात. बस भरेल असं धरून भाव जाहीर करतात आणि मग दहा जागा रिकाम्या घेऊन जातात. मी फसले नव्हते, २५ माणसं धरून भाव काढला होता आणि मनात खूश होते.

पेपर परत आला तेव्हा तळाशी लाल शाईत एकच ओळ होती: ड्रायव्हर-क्लीनर काय खाणार?

त्यांना मी धरलंच नव्हतं. ड्रायव्हर, क्लीनर, गाइड आणि सहल घेऊन जाणारी मी, चार ताटं. पैशात फार नव्हे. पण पहाटे पाचला दादरहून निघालेला, दुपारी पाचाडला गाडी लावून बसलेला ड्रायव्हर वडापाववर राहिला आणि अंधार पडल्यावर घाट उतरायला लागला, तर त्याच्या मागे पंचवीस माणसं झोपलेली असतात. मॅडमनी हे वर्गात सांगितलं नाही. मला स्टाफरूममध्ये बोलावून सांगितलं. 'पॅक्स', म्हणजे पैसे भरून आलेली माणसं, हा शब्द आमच्या धंद्यात सगळे वापरतात, पंचवीस पॅक्स, चाळीस पॅक्स. त्या दिवसापासून मी वहीत पॅक्सच्या खाली वेगळी ओळ ओढून 'बाकीचे' असं लिहायला लागले.

इंटर्नशिप मिळाली एका इव्हेंट कंपनीत. दोन महिने, प्रवासखर्च तेवढा मिळायचा. तिथे पहिले आठ दिवस मी नुसते शब्द शिकत होते. जागा बघायला जाणं म्हणजे रेकी. स्टेजच्या मागचं-बाजूचं झाकणं म्हणजे मास्किंग. मिनिटामिनिटाचा कागद म्हणजे शो-फ्लो. केटररला आदल्या दिवशी पक्का आकडा देतात ती गॅरंटी. पाचशेची गॅरंटी दिली आणि साडेतीनशे आले तरी पैसे पाचशेचे. त्या गॅरंटीत मंडपवाले, लाइटवाले, साउंडवाले नसतात. त्यांचं 'क्रू मील' वेगळं सांगावं लागतं आणि घाईत ते सांगायचं राहतं. मी तिथे असताना राहू दिलं नाही, एवढं समाधान आहे.

परवानग्यांसाठी पायपीट खूप झाली. पोलीस ठाण्याचं पत्र, वाहतूक शाखेचं वेगळं, अग्निशमन दलाची ना-हरकत, उघड्या जागेवर मंडप असेल तर पालिकेचं वॉर्ड ऑफिस, स्टेजसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, रेकॉर्डेड गाणी वाजणार असतील तर त्यांचा परवाना. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग. तेव्हा पाहुणा उशिरा आला तर कात्री लागते ती कलाकारांच्या वेळेला. कॉलेजात हे सगळं एका पानात होतं. प्रत्यक्षात एकेका सहीमागे एकेक दुपार गेली. पण मला एक कळलं, साहेब लोक नकाशा बघतात तेव्हा स्टेज बघत नाहीत, दारं बघतात.

म्हणूनच त्या सकाळी मला ते दिसलं. उपनगरातला एक हॉल, सातशे खुर्च्या, कार्यक्रम अकराला. मी सहाला पोचले. बॅकड्रॉप रात्रीच उभा झाला होता, चाळीस फुटी फ्रेम, त्यावर ताणलेला फ्लेक्स. मी दारं मोजली. रेकीच्या वेळी सहा होती. आता पाच. सहावं दार फ्लेक्सच्या मागे गेलं होतं, हिरवा 'एक्झिट'चा दिवा फ्लेक्सच्या कापडातून अंधुक दिसत होता. फ्रेम चार फूट डावीकडे घेतली की दार मोकळं होणार होतं, पण मग प्रायोजकाचं नाव स्टेजच्या मध्यावर येत नव्हतं.

मी आमच्या सुपरवायझरला सांगितलं. ते म्हणाले, पाच दारं पुरेत. मी म्हटलं, सर, ना-हरकतीच्या नकाशात सहा आहेत. ते म्हणाले, तू इंटर्न आहेस. माझे हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. पण मला तो खडूचा चौकोन आठवत होता, आणि हे दार मागच्या खुर्च्यांना सगळ्यात जवळचं होतं. मी तिथेच उभी राहिले. तेवढ्यात मंडपवाल्यांचे मुकादम, साठीचे काका, कोकणातले, खिळे तोंडात धरून काम करत होते, ते खिळे काढून म्हणाले, "साहेब, पोरगी बरोबर बोलतेय. मी पण रात्रीच बोलणार होतो. अर्ध्या तासात सरकवतो." आणि त्यांनी पोरांना हाक मारली. प्रायोजकांचे लोक आले तेव्हा नाव जरा बाजूला का म्हणून नाराज झाले, सुपरवायझरांनी मला त्यांच्यासमोर बोल लावला. कार्यक्रम झाला, त्या दारातून कोणालाच पळावं लागलं नाही. फक्त एक आजी तिथून बाहेर पडल्या, बाथरूमला जायला. मला तेवढंही पुष्कळ होतं.

त्या रात्री शेवटच्या गाड्यांपैकी एकीने विक्रोळीला उतरले. बाबा पुलाखाली उभे होते. आईने डबा दिला होता तो त्यांच्या हातात तसाच.

तिसऱ्या वर्षी ब्लॅकबुक. मुंबईत शिकलेल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको, काळ्या बांधणीतला सोनेरी अक्षरांचा प्रकल्प, बाहेरचे परीक्षक आणि वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. माझा विषय घारापुरीची धारणक्षमता, म्हणजे त्या बेटावर एका दिवसात किती माणसं यावीत. त्याची एक सोपी पद्धत आहे, सिफुएंतेस यांची, १९९२ ची. एकूण जागेला एका माणसाला लागणाऱ्या जागेने भागायचं आणि आलेल्या आकड्याला दिवसात होणाऱ्या फेऱ्यांनी गुणायचं. लेणं आठ तास उघडं धरलं आणि एकाला आत चाळीस मिनिटं लागली, तर दिवसात बारा फेऱ्या. मग त्यातून पाऊस, ऊन, सोमवारची सुट्टी असं एकेक वजा करत खरा आकडा काढायचा.

मी मोजायला बसले आणि कळलं की लेण्यात अडचण नाहीच. महेशमूर्तीपुढे माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, वीस फुटी मूर्ती अंधारातून पुढे येते, मागच्याला धक्का द्यावासा वाटत नाही. अडचण आहे १२० पायऱ्यांवर, जिथे दोन्ही बाजूंना दुकानं आणि मधून वर जाणारे, खाली येणारे, डोलीवाले आणि माकडं. अडचण आहे संध्याकाळच्या शेवटच्या लाँचच्या रांगेत. पर्यटकाला बेटावर रात्री राहता येत नाही, त्यामुळे साडेचारनंतर सगळ्यांना एकदमच निघायचं असतं. आणि अडचण आहे पाण्याची, तीही गावाची. राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर ही तीन गावं तिथे नांदतात. समुद्राखालून केबल टाकून त्यांना वीज मिळाली ती २०१८ मध्ये, मुंबईचे दिवे समोर बघत इतकी वर्षं काढल्यावर. काकडी-कैरी विकणाऱ्या एका मावशींनी मला विचारलं, "तुझ्या यादीत आम्ही कुठे?" माझ्या सूत्रात रहिवासी नव्हते. मी 'बाकीचे'ची ओळ पुन्हा ओढली.

माझी पहिली मोजणी झाली रविवारी, १५ डिसेंबर २०२४ ला. बुधवारी, १८ तारखेला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. १५ माणसं गेली. लाँचची परवानगी ८४ प्रवासी आणि ६ खलाशांची होती, प्रत्यक्षात शंभराहून जास्त माणसं होती. बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. तीन दिवसांपूर्वी मी त्याच पाण्यावरून गेले होते, वहीत खुणा करत. बरेच दिवस मला ती वही उघडवली नाही. विषय बदलू का म्हणून मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तुला नको वाटत असेल तर बदल, पण आकडे अर्धे ठेवू नकोस.

वायवा चांगली झाली. बाहेरच्या परीक्षकांनी तक्त्यातल्या एका रकान्यावर बोट ठेवून हा कुठून आला विचारलं. तो जानेवारीतल्या दुसऱ्या मोजणीत आला.

मी एकटी जाणार होते, आईने जाऊ दिलं नाही. बाबा नोव्हेंबरात निवृत्त झाले होते, मग दोघंही आले. एवढी वर्षं मुंबईत राहून बाबांनी घारापुरी पाहिली नव्हती, रविवारी त्यांची ड्युटीच असायची. गेटवेला आता चढतानाच नारिंगी जॅकेटं देत होते. मी फळीपाशी उभी राहून हातातला काउंटर दाबत होते, लोक जपाला वापरतात तसला. एक तिकीट, एक टिक. ५८ झाले. लाँच सुटली, मी बाबांच्या शेजारी येऊन बसले. बाबा बाकांकडे बघत होते, ओठ हलत होते.

"किती धरलेस?"

"अठ्ठावन्न."

"त्रेसष्ट आहेत."

मी पुन्हा मोजलं. तिकिटं ५८ च होती.

"कडेवरची मुलं धरलीस का?" बाबांनी विचारलं.

"त्यांचं तिकीट नसतं, बाबा."

"तिकीट नसतं. माणूस असतो."

मी बघितलं. एक आईच्या मांडीवर झोपलेलं, दोन जुळी, एक बापाच्या खांद्यावर कबुतरांकडे हात करणारं. पाचवं आमच्या समोरच होतं, चार वर्षांचा मुलगा. मोठ्या माणसाचं जॅकेट त्याला डोक्यातून घातलं होतं, ते गुडघ्यापर्यंत येत होतं आणि खांद्यावरून निसटत होतं. असलं जॅकेट पाण्यात वर राहतं आणि मूल खालून सुटतं. बाबा उठले, त्याच्या आईला विचारून जॅकेटचे पट्टे मांड्यांमधून घेऊन आवळून बांधले, जमेल तेवढे. तेवढंच हातात होतं. मी वहीत रकाना ओढला: कडेवरची. त्याखाली दुसरा: लहान मापाची जॅकेटं. त्या दिवशी दुसऱ्या रकान्यात शून्य लिहिलं.

परतताना गेटवेला भरती होती, लाँच धक्क्याला आपटत वर-खाली होत होती. आई आणि मी आधी उतरलो. बाबा मागे वळून फळीपाशी उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं. एकेकाला कोपराला धरून पुढे देत होते, आणि शेवटचा माणूस, त्याचा मागचा पाय दगडावर टेकेपर्यंत, त्यांनी वर पाहिलं नाही.